वळणावरचे कोहळे

अमावास्येच्या सकाळी नामक्कलजवळच्या त्या वळणावर ट्रकवाल्यांची ही गर्दी! नागलिंगसामींनी हळद माखलेल्या कोहळ्यात सुरी खुपसली आणि पांढऱ्या गरातून लालभडक धार लागली. लोकांनी हात जोडले.

"या वळणाचा राखणदार मुनीदेव भुकेलाय!" सामी गरजले. "त्याला माणसाचं रक्त द्यायचं की कोहळ्याचं, तुम्हीच ठरवा!"

धडाधड कोहळे रस्त्यावर फुटू लागले.

सरकारी दवाखान्यातली नर्स पूंगोडी मात्र हाताची घडी घालून बघत होती. हा बुवा तिला पहिल्यापासून खटकत होता. तो येण्याआधी इथं वर्षाकाठी एखादा पडायचा. आता प्रत्येक अमावास्येनंतर चार-पाच जण टाके घालायला येत, सगळे दुचाकीवाले. तिचा धाकटा भाऊ इळंगो याच रस्त्यानं मोपेडवर दूध आणायचा, त्यामुळे तिच्या जिवाला घोर लागला होता.

ती पुढे झाली. पूजेच्या ताटातली हळद तिनं ओल्या कापसाला लावली आणि सामींची सुरी पुसली. पिवळा कापूस लालेलाल झाला.

"अगं, विटाळ केलास!" सामी ओरडले.

"सुरीला चुना लावलाय सामी. आमच्या आज्या हळद-चुन्याचंच कुंकू करायच्या."

"पण अक्का, माणसं पडतात ते काय खोटं?" पेरुमाळ ड्रायव्हरनं विचारलं.

"पडतात ना! या गरावर पाय ठेवून बघा. तुमच्या दहा चाकांना काही होत नाही, दुचाकी मात्र सरकते. लोकांच्या जखमांतून मी कोहळ्याच्या बिया उपसतेय!"

एवढ्यात वळणापलीकडून मोपेडचा हॉर्न वाजला. पूंगोडी जिवाच्या आकांतानं धावली.

"इळंगो, थांब! उतर खाली!"

त्यानं कसाबसा ब्रेक दाबला. गर चार हातांवर होता. दुधाच्या कॅनमागे त्यानं एक कोहळा बांधला होता.

"हा कशाला रे?"

"फोडायला. इथं किती पडतात ते तूच सांगतेस ना, अक्का!"

तिला रडू आवरेना. पेरुमाळ मान खाली घालून फावडं आणायला गेला. सामी केव्हाच पसार झाले होते.

इळंगोचा कोहळा तिनं भाजीसाठी पिशवीत टाकला आणि डोळे पुसत म्हणाली, "उद्या कुणी रक्ताची भीती घातली, तर आधी त्याची सुरी पुसून बघा. आणि मग आपल्या पायाखालचा रस्ता बघा."