दुसऱ्या कडव्यातला उजेड

मी एक रंगीत कागद बोलतोय. कागद आपलं म्हणायचं. खरं तर मी पारदर्शक आहे, हातात धरलं की कुरकुरणारा, जुन्या मधाच्या रंगाचा. नाटकवाले मला जिलेटीन म्हणतात. दिव्याच्या तोंडाशी बसायचं आणि पांढऱ्या उजेडाला आपल्यातून जाऊ द्यायचं, हेच माझं काम.

गुंडाळीतून मला कापलं ते एका सुनेनं. छोट्या सभागृहांत ती प्रकाशयोजना करायची. पत्र्याच्या चौकटीत बसवून तिनं मला रंगमंचाच्या मागच्या, उंचावरच्या दिव्याला लावलं. दिवा लागला आणि अंगातून ऊब सरकत गेली. खाली धुळीचे कण सोनेरी होऊन तरंगायला लागले. मी जागा आहे की स्वप्नात, तेच कळेना.

कार्यक्रम गाण्यांचा होता आणि त्यात तिचे सासरे गाणार होते. जन्मभर बस चालवलेला माणूस, लोकांसमोर कधी गायलेला नाही. गाणं त्यांच्या बायकोनं रचलेलं. इस्त्री करता करता ती ते गुणगुणायची. वर्षापूर्वी ती गेली. तेव्हापासून घरात सासरे-सून बोलायचे ते चहा झाला का, किल्ली कुठंय, एवढंच.

तालमीत पहिलं कडवं झकास झालं. दुसऱ्यात ओळ आली, "जाताना दार ओढून घे, वारा आत येतो." तिथं त्यांचा आवाज अडकला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच.

"हा समोरचा दिवा डोळ्यात जातोय!" ते करवादले. "अशात कोण गाईल?"

साथीचा गिटारवाला उगाच खुंट्या पिळत बसला.

"हो बाबा, उजेडच जास्त झाला," सून म्हणाली. "बघते मी."

माणसांचं हे मी पुष्कळदा पाहिलंय. त्यांना येतं ते रडू कधीच नसतं. डोळ्यात धूर गेलेला असतो, कचरा गेलेला असतो, नाहीतर दिवा.

ते गेल्यावर तिनं त्यांच्या जागी खुर्ची ठेवली, तिच्यावर आपला ओला रेनकोट टाकला आणि किती वेळ दिव्यांचा उजेड कमीजास्त करत राहिली. शेवटी तिनं ठरवलं: दुसरं कडवं लागलं की समोरच्या दिव्याचा उजेड उतरवत न्यायचा, इतका हळू की कुणाला जाणवूही नये. चेहरा विरघळून जाईल. मागून मी तेवढा उरेन, केसांच्या कडेपुरता.

कार्यक्रमाला खुर्च्या भरल्या. सासरे उभे राहिले, गायला लागले. दुसरं कडवं आलं, समोरचा दिवा उतरू लागला. सगळं सभागृह पाण्याखाली गेल्यासारखं वाटत होतं. ती ओळ आली, आणि ते थांबले.

गिटारवाल्यानं तीच सुरावट पुन्हा वाजवली. पुन्हा एकदा वाजवली. सुनेचा हात बटणावरच होता. उजेड वाढवावा तर त्यांचे डोळे दिसणार, न वाढवावा तर...

तेवढ्यात अंधारातून त्यांचा आवाज आला, घरातल्यासारखा. "सूनबाई, अजून थोडा कमी कर गं."

कुणी हसलं नाही. तिनं समोरचा दिवा पार मालवला, मलाही धुगधुगीवर आणलं. आणि त्या सायीसारख्या उजेडात ते गायले. आवाज फाटला, पण ओळ पुरी झाली, तिसरं कडवंही झालं.

आवराआवर करताना ते तिच्याजवळ आले. "समोरून गाडी आली की आम्ही दिवा खाली घ्यायचो," ते म्हणाले. "नाहीतर समोरच्याला रस्ताच दिसत नाही. तुला कुणी शिकवलं?"

"आईंनी," ती म्हणाली. "तुम्ही चिडलात की त्या खिडकीचा पडदा ओढायच्या. मी पाहिलंय."

मग दोघंही तिथंच पायरीवर बसून आईंबद्दल बोलत राहिले. पहिल्यांदाच.

पुढं मी कितीतरी कार्यक्रम केले. सोसलेल्या उजेडानं माझा रंग मधोमध उडाला. एक दिवस तिनं मला काढून कचऱ्याकडे नेलं, तर सासरे म्हणाले, "दे तो इकडे."

आता मी त्यांच्या उशाच्या दिव्याभोवती गुंडाळलेला आहे. हा दिवा थंड असतो, मला पोळत नाही. संध्याकाळी ती चहा घेऊन येते, पलंगाच्या कडेला टेकते, आणि माझ्या फिकट उजेडात दोघं गप्पा मारतात.

तुम्हाला एवढंच सांगणं आहे. कुणाच्या खोलीत असा मंद दिवा दिसला, तर दारातूनच मोठ्या दिव्याचं बटण दाबू नका. आधी आत या. जरा बसा.