दोन मीटरच्या आत

आत्या भूमापन कार्यालयातून निवृत्त झालेली. तीस वर्षं तिनं उन्हात उभं राहून जमिनी मोजल्या होत्या. कुणी "साधारण इथेच" म्हटलं की तिच्या कपाळाला आठी पडायची.

तिची भाची लिफ्ट दुरुस्त करायची आणि सुट्टीत ड्रोन बनवायची. पहिला ड्रोन छान उडाला, पण एका जागी थांब म्हटलं की हळूच सरकायचा. ड्रोन क्लबच्या मैदानावर आखलेल्या वर्तुळात उतरायचं सोडून तो गाड्यांच्या रांगेत जाऊन बसला. सगळे हसले. भाची घरी आली ती तडक चारही मोटरी खोलून बसली.

"मोटरींनी तुझं काय घोडं मारलंय?" आत्या म्हणाली. "आधी त्याला खाली ठेव. बसल्या जागी तो स्वतःला कुठे समजतो ते बघू."

गच्चीत पाण्याच्या टाकीशेजारी ड्रोन दोन तास ठेवला. दर मिनिटाला त्यानं सांगितलेली जागा आत्यानं चौकटीच्या कागदावर ठिपका देऊन मांडली. ठिपके अकरा मीटरभर पांगले.

"हा जागचा हलला नाही, आणि म्हणतो फिरून आलो!" भाची म्हणाली.

"तुझ्या आतोबांसारखाच. खुर्चीतून न उठता बाजार करून येतात."

दोघी हसल्या आणि कामाला लागल्या. टाकीवर आणि भिंतीवर आपटून येणारे उपग्रहांचे संकेत जीपीएसला चकवत होते, म्हणून पुढची मोजणी मोकळ्या माळावर केली. जीपीएसचा तुकडा कॅमेऱ्याला आणि तारांना चिकटून होता. त्यांच्या विजेचा अडथळा नको म्हणून भाचीनं तो वीतभर उंच दांडीवर बसवला. सुरू केल्या केल्या उडवायची घाईही सोडली. पुरेसे उपग्रह सापडेपर्यंत ड्रोन थांबू लागला, मगच परतायची जागा नोंदवू लागला. पाच दिवस, रोज नवा कागद. ठिपके जवळ आले, पण मधल्या खुणेपासून दोन मीटरपर्यंत पांगायचे काही केल्या थांबेनात.

"आता?" भाची हिरमुसली.

"आता काय? याची कुवत एवढीच आहे. ती तुला माहीत आहे, हे थोडं झालं का?"

क्लबच्या स्पर्धेत ड्रोन वर्तुळाच्या मधोमध उतरवायचा होता. परीक्षकांनी प्रत्येकाला आधी विचारलं, "किती चुकेल?" कुणी म्हणालं, अजिबात नाही. कुणी म्हणालं, बघूच. भाची म्हणाली, "दोन मीटरपर्यंत. कोणत्या बाजूला, ते सांगता येणार नाही."

मागून कुणीतरी खुसखुसलं.

ड्रोन तीनदा उतरला. टेपनं मोजलं: एक मीटर सत्तर, नव्वद सेंटिमीटर, एक मीटर चाळीस. दुसऱ्या एकाचा ड्रोन पहिल्यांदा अगदी मधोमध टेकला, मात्र पुढच्या फेरीत कुंपणापलीकडे गेला. परीक्षकांनी भाचीचे कागद मागून घेतले आणि सगळ्यांना दाखवले. "यंत्र सगळ्यांकडे आहे," ते म्हणाले, "पण आपल्या यंत्राची चूक हिनंच मोजून आणली."

पहिला क्रमांक तिचा आला. आत्या मात्र टाळ्या वाजवायला विसरली. शेजारच्या अनोळखी बाईचा दंड धरून ती पुन्हा पुन्हा सांगत होती, "माझी भाची आहे. माझ्या भावाची मुलगी!"