कामतघरच्या कुकरची तक्रार

मित्रांनो, मी एक जुना प्रेशर कुकर आहे. माझं झाकण आता नीट बसत नाही, मूठ अर्धी जळून गेली आहे आणि सध्या माझ्यात धुण्याचा सोडा ठेवतात. त्याचा मला राग नाही. वय झालं की भांड्याला मोरीत जागा मिळायचीच. माझा राग माणसांवर आहे. वाफ कोंडून ठेवायचं काम मी पुष्कळ वर्षं केलं. आज ती सोडणार आहे.

कारखान्यात ॲल्युमिनियमची जाड चकती दाबून दाबून मला आकार दिला. मग माझ्यात पाणी भरून, वाफ कोंडून परीक्षा घेतली. मी पास झालो, तेव्हाच मला दुकानात पाठवलं. हे मुद्दाम सांगतो. भांड्याचीसुद्धा आधी तालीम होते. नव्या सुनेला मात्र थेट चुलीपुढे बसवतात.

१९८४च्या दिवाळीत नवशानं मला भिवंडीच्या बाजारातून घरी आणलं. नवशा कामतघरात कापड विणायचा लूम चालवायचा. चाळीतली त्याची खोली आणि लूमचा कारखाना यांच्यामध्ये एकच पत्रा. सारखी खटाखट. फळीवरचे पेले किणकिणायचे, कापसाचा भुगा ताटातल्या भातावर येऊन बसायचा. नवशाची आई गुणाबाई, तिनंही अर्धं आयुष्य त्याच कारखान्यात कांड्या भरण्यात, म्हणजे सुताच्या नळ्या भरण्यात घालवलेलं. मायलेक घरात काय बोलतात ते सगळ्या चाळीला कळायचं.

गुणाबाईनं मला फळीवर मधोमध ठेवलं, हळदकुंकू लावलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलं. वापरलं मात्र एकदाही नाही. तिचा भात टोपात व्हायचा आणि डाळ ती वासावर उतरवायची. कौतुक माझं, काम टोपाचं, असा जमाखर्च दोन वर्षं चालला.

मग वळ गावची कमळा सून होऊन आली. माहेरी ती शेतावर राबलेली. चूल थोरल्या वहिनीच्या ताब्यात. गुणाबाईनं मला खाली काढून तिच्यापुढे आदळलं.

"घे. आमच्या टायमाला असलं काय न्हवतं. तीन शिट्ट्या, उतरव. सोप्पं हाय."

"आत्या, पानी किती घालू?"

"अंदाजानं."

"अंदाज म्हंजे किती?"

"अंदाज म्हंजे अंदाज! लई तोंड चालवते गो ही."

मित्रांनो, जिनं माझ्यात कधी चहाचं पाणीसुद्धा तापवलं नव्हतं, ती 'सोप्पं हाय' म्हणत होती. माझा तळ तेव्हा स्टोव्ह न पेटवताच तापला.

शेवटी शेजारच्या अनसूयावहिनींनी शिकवलं. त्यांचे यजमान कचेरीत कारकून. शुक्रवार होता; भिवंडीत शुक्रवारी लूम बंद. गुणाबाई मासळी आणायला गेलेली. वहिनींनी एकेक गोष्ट सावकाश दाखवली. कुकरच्या तळाशी पाणी हवंच. झाकणाची रिंग ओली करून बसवायची. तांदळावर पाणी बोटाच्या एका पेरापर्यंत, डाळीत त्याहून जास्त. वाफ पुरती जाईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. मी शिट्टी दिली तशी कमळा दचकली, मग हसत सुटली.

"वहिनी, ह्यो तर आरडतो!"

"आरडू दे की. तोच तुला सांगणार, झालं म्हणून."

भात मऊ, मोकळा झाला. कमळानं उभ्या उभ्याच पहिला घास तोंडात टाकला.

शनिवारी लूम सुरू झाले.

कमळा पाठमोरी बसून भाकऱ्या थापत होती. मी शिट्टी दिली. पत्र्यापलीकडचे धोटे आपटत होते, त्यात ती विरून गेली. आणखी दिली, पुन्हा दिली. ती बिचारी माझ्याच आवाजाची वाट पाहत होती आणि मी ओरडून ओरडून घसा फोडत होतो. अखेर पाणी आटलं, सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला आणि डाळ आढ्याला लागली.

"कान फुटलं काय तुजं?" गुणाबाई गरजली.

"शिट्टी झालीच न्हाय, आत्या."

"झाली न्हाय? मी आयकली की!"

खोटं! धडधडीत खोटं! ती दारात पाय पसरून बसली होती आणि करपल्याचा वास आल्यावर उठली होती.

त्यानंतर कमळा भीतीनं मला लवकर उतरवू लागली, की डाळ कच्ची. जरा थांबली, की भात करपलेला. एकदा धीर करून ती म्हणाली, "लूमच्या आवाजात आयकू येत न्हाय."

"मंग आमी काय दुसऱ्या गावात रातो?" नवशा म्हणाला. "मला लूमवर सगलं आयकू येतं."

गुणाबाईनं तर नळावर जाहीरच करून टाकलं. "बहिरी पोर गल्यात बांधली आमच्या. फसवलं वळवाल्यांनी." आणि ठरलं. गुणाबाईचा भाऊ हिरामण काल्हेरला टेंपो चालवायचा. तो शुक्रवारी सुट्टी घेऊन येईल आणि कमळाला वळला सोडून देईल. कायमची.

शुक्रवार उजाडला. कमळाला घालवायचं होतं, पण त्याआधी हिरामणचं जेवण तिनंच रांधायचं! तिनं मला स्टोव्हवर चढवलं, आपलं बोचकं दाराशी ठेवलं आणि घागर घेऊन चाळीच्या टोकाला नळावर गेली. गुणाबाई माझ्याशेजारी मिश्री लावत बसली होती. नवशा तिथंच भिंतीला टेकलेला. हिरामण चपला काढत होता.

मी शिट्टी दिली. लूम बंद, पत्रा गप्प. गुणाबाईचं बोट दातांवर फिरत राहिलं. नवशानं मान वळवली नाही. मी दुसरी दिली आणि कमळा घागर नळाखाली तशीच टाकून ओल्या हातांनी धावत आली.

"दुसरी झाली ना, मामा?"

"दुसरीच," हिरामण म्हणाला.

"काय दुसरी?" नवशानं विचारलं.

तेवढ्यात मी तिसरी ठेवून दिली, सगळ्या अंगानिशी. हिरामणनं बहिणीकडे पाहिलं, भाच्याकडे पाहिलं. मग जवळ जाऊन मोठ्यानं विचारलं, "ताई, आता काय वाजलं?"

"कवा?"

"बहिरी पोर वळला सोडायची म्हंतेस. मंग तुमा दोगांना कुठं सोडू?"

नवशाची मान खाली गेली. गुणाबाई मात्र माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आज ह्यो कुकरच हलू वाजला!"

पाहिलंत? दोष कोणाच्या खात्यावर, तर माझ्या!

हिरामण जेवला आणि रिकामा टेंपो घेऊन गेला. कमळानं बोचकं सोडलं. त्याच्या फडक्याची एक लाल पट्टी फाडून तिनं माझ्या शिट्टीच्या वर, फळीच्या खिळ्याला टांगली. वाफ सुटली की पट्टी उडायची. दारातूनही दिसायची, लूम चालू असतानाही. ती उडाली की शिट्टी मोजायला कमळा भिंतीवर पिठाचं एक बोट ओढायची. वर्षभरात निम्म्या चाळीत तशा पट्ट्या लागल्या. गुणाबाईनंही पट्टीकडे बघत माझ्यात पहिल्यांदा भात केला. माफी मागितली नाही. उलट युक्ती आपलीच म्हणून सांगत फिरली.

नव्वदनंतर कमळानं नवा कुकर घेतला आणि मी मोरीत आलो. नवशाला तोवर हाक मारलेलीही कळेना. बायकोच्या कानांचा एवढा गाजावाजा झाला; लूमनं खाल्लेल्या त्याच्या कानांची कारखान्यात कोणी साधी चौकशी केली नाही. त्याचाही राग माझ्या तळाशी चिकटून आहे, घासून जात नाही.

मित्रांनो, कुकरची काळजी घ्या. रिंग वेळेवर बदला, शिट्टीचं भोक साफ ठेवा. पण घरात कोणी नव्यानं स्वयंपाकाला उभं राहिलं, मुलगी असो की मुलगा, तर त्याला पाणी किती ते बोटावर दाखवा आणि पहिला भात होईपर्यंत शेजारी उभे राहा. तेवढं जमत नसेल, तर करपलेला भात गुमान खा आणि वर आणखी मागून घ्या.