उपरण्याखालची जागा

बेल्ह्याच्या बैलबाजारात मी कितीतरी वर्षं पिठलं-भाकरी विकली, पण कुठं बसायचं हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. "कुशाबाई, उठा!" एवढंच ऐकायचं. कधी टेम्पो लावायचाय म्हणून, कधी साहेब येणार म्हणून. चूल उचलायची आणि गटारीच्या कडेला जायचं.

दोन हजार चार साली बाजारतळ नव्यानं बांधायचं ठरलं. पुण्याहून आलेल्या इंजिनिअर हर्षालीताई ग्रामसभेत म्हणाल्या, "नकाशा तुम्हीच काढायचा, तोही जमिनीवर." माझा आनंद पोटात माईना.

बाजारादिवशी सकाळीच तळावर आखणीच्या पांढऱ्या फक्कीची पोती सोडली. ज्याला जिथं बसायचंय तिथं त्यानं रेघ मारायची. मग काय, अख्खा गाव सुटला! चहावाल्या सोमाजीनं बाकडीसुद्धा आखली. कासरे-घुंगरं विकणारा इब्राहिमभाई रेघा ओढून घामाघूम झाला. कुणी संडास आखला, कुणी चक्क कारंजं. मी लिंबाच्या सावलीतला ऐन मोक्याचा तुकडा धरला आणि ऐसपैस चौकोन मारला. कोपरापर्यंत पांढरे झालेले हात मी सगळ्यांना दाखवत फिरत होते.

तेवढ्यात बैलांचा व्यापारी सयाजी टेम्पो घेऊन आला. खोंडांची जोडी उतरवून तो तळाकडं बघतच राहिला.

"राव, समदं झ्याक हाय. पण बैल काय माझ्या डोक्यावर बांधू?"

बैलबाजाराच्या गावानं बैलच विसरावेत! मग असा हशा पिकला की खोंडं बुजली. हसू ओसरल्यावर मात्र जो तो दुसऱ्याच्या रेघेकडं बघू लागला.

गिऱ्हाईक बैल चालवून बघतं, त्याला लांब सपाट पट्टा लागतो. तसा पट्टा एकच होता, लिंबाखालून, माझ्या चौकोनातून जाणारा. जीव तुटला माझा. पण बैल नाही तर गिऱ्हाईक नाही, मग माझी भाकरी कोण खाणार? मी पायानं रेघ पुसली.

"आता तुम्ही कुठं बसणार?" हर्षालीताईंनी विचारलं.

"सौदा करून ठरवते," म्हणत मी सयाजीच्या खांद्यावरचं उपरणं ओढलं.

आमच्याकडं बैलाचा सौदा तोंडानं होत नाही. उपरण्याखाली हातात हात घालून बोटं दाबायची, भाव दोघांनाच कळतो. बाईनं तिथं कधी हात घातला नव्हता. मी घातला, इब्राहिमभाईपुढं. पट्ट्याच्या कडेला सगळ्यात मोठी जागा त्याचीच होती.

"कुशाताई, तुमाला येतंय का ह्ये?"

"सौदा मोडला की बोटं नाचवत कुणाच्या चुलीपुढं भांडता रं तुमी?"

त्यानं दोन बोटं दाबली, म्हणजे दोन हात जागा. मी चार दाबली. त्यानं मुंडी हलवली, मी हात सोडला नाही. शेवटी तो खदाखदा हसला. किती बोटांवर जमलं ते सांगायचं नसतं, पण माझा चौकोन त्यानं स्वतः आखून दिला. ते बघून सोमाजीनंही बाकड्यांच्या रेघा पुसल्या. कारंजंही गेलं.

नव्या तळाच्या उद्घाटनाला पाहुणे आले. पुढं धावणारा कुणी परगावचा माणूस ओरडला, "ओ बाई, उठा!"

सवयीनं मी चुलीला हात घातला. तोच सयाजी, सोमाजी, इब्राहिमभाई एकदमच ओरडले,

"ओ पावणं, तिचा सौदा झालाय!"