केहिंदे माझ्या हातून गेली

मित्रांनो, मी इया इबेजीचा जुना मोबाईल. इया इबेजी म्हणजे जुळ्यांची आई. आमच्या इग्बो-ओरा गावात जुळी इतकी, की या नावानं हाक मारली तर चार बायका वळून बघतात. माझ्या मालकिणीचं खरं नाव अबेके. बसस्टँडवर ती चवळीचे वडे तळते. माझ्या काचेला तडा गेलाय, पाठीला रबर बांधलंय, आणि माझ्या हातून एक पाप घडलंय. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

अबेकेच्या मुली ताइवो आणि केहिंदे. केहिंदे पाचव्या वर्षी तापानं गेली. दोघींचा फोटोच काढलेला नव्हता. मग आमच्याकडच्या रीतीप्रमाणे ओलाडोकुन फोटोवाल्यानं ताइवोलाच दोनदा बसवलं. पहिल्यांदा म्हणाला, "ताइवो, इकडे बघ." दुसऱ्यांदा म्हणाला, "केहिंदे, इकडे बघ." तोच झगा, तेच डोळे, पण दुसरा फोटो केहिंदेचा. पुढे कागदाला वाळवी लागली, तेव्हा ताइवोनं दोन्ही फोटो माझ्यात उतरवून घेतले. रोज चूल पेटवायच्या आधी अबेके मला उघडायची आणि विचारायची, "उठलात का गं पोरींनो?" पहिला वडा माझ्यासमोर ठेवायची. केवढा मान होता मला!

शेजारी लसिसीचं पेपरांचं टेबल आहे. तिथं लोक पेपर विकत न घेता उभ्या-उभ्या बातम्या वाचतात आणि भांडतात. त्या सकाळी बातमी माझ्याच कंपनीची होती. लसिसीनं मोठ्यानं वाचलं, "आता फोन स्वतःच आवरणार तुमचे फोटो. ग्राहक आनंदात."

"कोण मेला ग्राहक?" फोलाके शिंपीण फणकारली. "मला तर कुणी विचारलं नाही. गेल्या खेपेला माझे मापांचे फोटो असेच आवरले यांनी!"

"फुकट वाचतेस आणि वर शिव्या देतेस?" लसिसी हसला.

"पेपर फुकट वाचते रे बाबा, फोन विकत घेतलाय!"

तेवढ्यात अबेकेनं मला उघडलं. पहाटेच मी कंपनीचं ते नवं अपडेट अंगात घेतलं होतं. पोरींच्या जागी चार ओळी होत्या. तिला वाचता येत नाही. तिनं मला लसिसीपुढे धरलं. 'सारखे फोटो सापडले. एक कायमचा काढून टाकला. जागा मोकळी झाली. अभिनंदन!' लसिसीचं हसू मावळलं.

"काय लिहिलंय रे?"

"मावशी... अभिनंदन लिहिलंय."

"कशाबद्दल?"

त्यानं मला फोलाकेकडे सरकवलं. फोलाकेनंच सांगितलं.

निरोप मिळताच ताइवो धावत आली. "आई, रडू नकोस. एक आहे ना, त्याचीच प्रत काढते. सारखाच तर होता."

"सारखा?" अबेके म्हणाली. "हा पहिला फोटो, म्हणजे ही तू आहेस. हिची प्रत काढलीस तर दोन ताइवो होतील. माझी केहिंदे कुठंय?"

ताइवोनं कंपनीला तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं, 'तुम्हाला मदत करता आली याचा आनंद वाटतो. आम्हाला किती तारे द्याल?' फोलाके थुंकली. शी! ते उत्तर मला माझ्याच छातीवर मिरवावं लागलं. मला माझी किळस आली. चार दिवस अबेकेनं मला उघडलं नाही, आणि पहिला वडा कुणासाठीच बाजूला काढला नाही.

पाचव्या दिवशी ताइवो आईला घेऊन ओलाडोकुनकडे गेली. अबेकेच्या कमरेच्या पिशवीत मीही होतो. म्हातारा आता थरथरतो, पण त्यानं लगेच स्टूल मांडलं. बत्तीस वर्षांची ताइवो स्टुलावर बसली.

"ताइवो, इकडे बघ."

ती उठली, स्टुलाला वळसा घालून परत बसली. आमच्याकडे मागून जन्मलेली थोरली मानतात, आणि केहिंदे मागून आलेली. म्हणून ताइवोनं पाठ जरा ताठ केली. म्हाताऱ्यानं घसा खाकरला.

"केहिंदे, इकडे बघ."

अबेके पुढे झाली. तिनं लेकीच्या गालावर हात ठेवला. "किती मोठी झालीस गं!" म्हणाली, आणि मग पोटभर रडली.

ओलाडोकुननं दोन्ही फोटो कागदावर छापून दिले. "मोबाईलमध्येही घालून देऊ का?" त्यानं विचारलं.

अबेकेनं मला पिशवीतून काढलं, क्षणभर बघितलं आणि परत आत टाकलं. "याच्यात नको."

मित्रांनो, ती बरोबर बोलली. तुमचा फोन न विचारता काही आवरायला लागला, तर आधी त्याला थांबवा. आपण काय फेकतोय, हे आम्हाला कळत नाही.

आता दोघी वड्यांच्या कढईमागे भिंतीवर आहेत. पहिला वडा त्यांच्यासमोर असतो. मी खाली, मिठाच्या डब्याशेजारी पालथा.