गरजेपुरती वाकडी वाट

पेट्रोल भरणाऱ्याने टाकीत नळी अडकवली आणि सवयीने डिकीवर कोपर टेकले, तसे मेरिल ॲपलगेटने खिडकीची काच खाली केली.

"तिथे टेकू नका."

"का, अंडी आहेत आत?"

त्याने कोपर काढेपर्यंत मेरिलने आरशातून नजर हलवली नाही.

डिकीत पिस्तूल होते. रिकामे, कुलूप लावलेल्या पेटीत. किल्ली खिशात, आणि गोळ्यांचा डबा वेगळा, मागच्या सीटखाली. पिस्तूल अंगावर बाळगण्याचा परवाना मेरिलने कधी काढला नव्हता. ज्यांना तसा परवाना हवा असतो त्या लोकांपासून तो चार हात लांबच राही. दर रविवारी वाळूच्या खाणीमागच्या क्लबात जाऊन कागदी चकतीला भोके पाडायची, एवढीच त्याची हौस, आणि तेवढ्यासाठी न्यू जर्सीत परवाना लागत नाही. घरून निघायचे, क्लबात पोचायचे. वाटेत वाट वाकडी करायची झाली तर गरजेपुरती, असे कायदा म्हणतो. पेट्रोल ही गरज. कॉफी गरज आहे की नाही यावरून क्लबात दोन तट होते. मेरिल घरून थर्मास आणायचा. ताकही फुंकून पिणारा माणूस, दुधाने त्याचे तोंड कधी पोळले नव्हते तरी.

शेजारी एक लाल पिकअप येऊन कचकन थांबली. आतून लोरेटा सूय उतरली, पायात घरातल्या सपाता, अंगावर भावाचा शिकारीचा कोट.

"बरा सापडलास. फोन का उचलत नाहीस?"

"गाडी चालवताना मी उचलत नाही."

"काल दिवसभर गाडीच चालवत होतास वाटतं."

मेरिल थर्मासचे झाकण फिरवत राहिला. ते आधीच घट्ट होते.

"ऑल्टन तुझं नाव घेतोय," ती म्हणाली. "नर्स म्हणते आजचा दिवस जाईल. उद्याचं ती बोलत नाही."

लोरेटाचा भाऊ ऑल्टन सूय हा मेरिलचा तीस वर्षांपासूनचा मित्र. तो आजारी असल्याचे उन्हाळ्यापासून माहीत होते, आणि मेरिलने दोनदा शुभेच्छांचे कार्ड टाकले होते, पोस्टाने, तीन मैलांवर.

"दुपारी येतो," तो म्हणाला. "आत्ता डिकीत पिस्तूल आहे. ते घेऊन मला कुठे थांबता येत नाही. सरळ जायला लागतं."

बोलता बोलता त्याचे त्यालाच ते ऐकू आले. शब्द न् शब्द खरा होता, आणि तरी आपण खोटे बोलतोय हे त्याला पक्के ठाऊक होते.

"मेरिल, तुझा कायदा ऐकून ऐकून माझे कान किटले," लोरेटा म्हणाली. "पेट्रोल ही गरज आणि मरणाऱ्या माणसाला भेटणं ही काय मौज आहे?"

"बाई बरोबर बोलतायत," नळी काढता काढता पेट्रोलवाला म्हणाला. त्याला कुणी विचारले नव्हते.

मेरिल पिकअपच्या मागे निघाला. क्लबाचा रस्ता डावीकडे गेला तेव्हा त्याने तिकडे पाहिलेसुद्धा नाही. दोन्ही बाजूंना क्रॅनबेरीची शेते फळे काढण्यासाठी पाण्याने भरली होती, वर लाल फळांचा थर तरंगत होता. माणसे कमरेइतक्या पाण्यात उभी राहून तो थर लोटत होती. ऑक्टोबर होता. क्लबाचा नेमबाजीचा कप ऑक्टोबरातच असतो.

चार वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबराआधी मेरिलने तो कप सलग नऊ वेळा घरी नेला होता. ऑल्टन आपल्या जुन्या, झिजलेल्या पिस्तुलाने दर वर्षी थोडा थोडा जवळ येत होता; नवव्या वर्षी फरक दोनच गुणांचा राहिला. मग ऑल्टनने जुने पिस्तूल विकून टाकले आणि चांगल्यातले नवे घ्यायचे म्हणून पोलिसांकडे खरेदीच्या परवान्याचा अर्ज केला. अर्जात ओळखीच्या दोघांची नावे द्यावी लागतात. त्याने बहिणीचे दिले आणि मेरिलचे दिले. पोलिसांचा फॉर्म आला. या माणसाच्या हाती शस्त्र असावे की नाही, याबद्दल तुम्हाला काही शंका आहे का, असा एक प्रश्न त्यात होता. खाली तीन कोऱ्या ओळी.

मेरिलने लिहिले, 'त्याची बायको पेग वारल्यापासून तो पहिल्यासारखा राहिलेला नाही. मला काळजी वाटते.'

तेवढ्यावर अर्ज फेटाळला गेला. ओळखीच्या माणसाकडून मिळालेल्या माहितीवरून, असे ऑल्टनच्या पत्रात होते. मेरिल असे काही करील हे त्याच्या स्वप्नातही येईना, म्हणून त्याने ते बहिणीच्या माथी मारले. लोरेटा शपथेवर नाही म्हणाली. त्याने तिच्याशी बोलणे टाकले, आणि मेरिल मूग गिळून बसला. आज सांगू, उद्या सांगू करता करता चार वर्षे गेली. आणि ज्याला सांगायचे त्याचे तोंड बघवेना म्हणून त्याच्याकडे जाणेही सुटले.

काळजी. या शब्दाने त्याची झोप उडवली होती. लिहिताना खरेच काळजी वाटली होती की डोळ्यांसमोर कप होता, हे त्याने स्वतःला पुष्कळदा विचारले होते. उत्तर त्याला माहीत होते म्हणूनच तो परत परत विचारत असावा.

आज सांगून टाकायचे, त्याने ठरवले. लोरेटासमोरच.

ऑल्टनचा पलंग दिवाणखान्यात खिडकीशी आणून ठेवला होता. पांघरुणाखाली माणूस फार थोडा उरला होता, पण डोळे तेच होते.

"रविवारी क्लब बुडवलास?" ऑल्टन म्हणाला. "मग मी खरंच मरतोय म्हणायचा."

"वाटेत होतो."

"डिकीत आहे?"

"आहे."

"आणि इथे थांबलास? मला वाटलं, तुझ्या घराला आग लागली तर आधी तू वकिलाला फोन करशील." तो हसला आणि त्याला ढास लागली. लोरेटाने मान उचलून दोन घोट पाणी पाजले, उशी नीट केली आणि औषधांचे डबे घेऊन पलीकडच्या टेबलाशी बसली.

मेरिल खुर्ची ओढून जवळ सरकला. गुडघ्यांवर ठेवलेले हात एकमेकांत गुंतवले, सोडवले, पुन्हा गुंतवले.

"ऑल्टन, तुला एक सांगायचंय. त्या अर्जाबद्दल."

"मलाही त्याचंच बोलायचंय. मी आधी बोलतो, माझ्याकडे वेळ कमी आहे." तो थोडा वेळ श्वास जमवत राहिला. "जुनं पिस्तूल विकलं ते कपासाठीच, पण अर्ज केला तोवर नवं मला कपासाठी नको होतं, मेरिल. पेग गेली त्यानंतरचे ते दिवस. तुला सगळं उलगडून सांगायला नको."

मेरिलचे हात थांबले.

"परवाना मिळाला असता तर मी नाताळसुद्धा बघितला नसता. लोकांना वाटायचं, म्हातारा कपासाठी नेटानं मागे लागलाय. मी कुणाला कळू दिलं नाही. कळलं ते फक्त एकीला." त्याने डोळ्यांनीच टेबलाकडे दाखवले. "मी तिला काय काय नाही बोललो. आणि ती नाही नाही म्हणत राहिली, मला लाज वाटू नये म्हणून. शेवटी या उन्हाळ्यात कबूल केलं. म्हणाली, हो, मीच लिहिलं. चार वर्षं मला तिच्यामुळे मिळाली. तीन वर्षं तर मी तिच्याशी भांडण्यात घालवली."

लोरेटा आठवड्याच्या डबीत गोळ्या टाकत होती. तिने वर पाहिले नाही, पण एक गोळी तिच्या बोटांतून निसटून टेबलावर घरंगळत गेली.

"बस, हे कुणाला तरी सांगून ठेवायचं होतं," ऑल्टन म्हणाला. "तू बोल आता. काय म्हणत होतास?"

मेरिलने लोरेटाकडे पाहिले. आता तीही त्याच्याकडे पाहत होती, आणि तिने अगदी किंचित मान हलवली. नको.

"काही नाही," तो म्हणाला. "वाईट झालं होतं, एवढंच."

"झालं ते बरंच झालं," ऑल्टन म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

मेरिल उठून ओसरीवर आला, तशी लोरेटा त्याच्यामागून बाहेर आली आणि तिने दार हलकेच ओढून घेतले. दोघे पायरीवर बसले.

"तुला केव्हापासून माहीत आहे?" मेरिलने विचारले.

"पहिल्या दिवसापासून. दोनच नावं होती, अन् मी काय लिहिलं ते मला माहीत होतं. एवढं गणित मला येतं."

"मग त्याला का नाही सांगितलंस?"

"त्याला उरलं होतं कोण? बहीण भांडली तरी बहीणच राहते. मित्र गेला की गेला. मला काय माहीत, तू तसाही फिरकणार नाहीस."

याहून कितीतरी जास्त ऐकायची मेरिलची तयारी होती.

"मी कबूल केलं ते वेगळ्याच कारणानं," ती म्हणाली. तिने कोटाच्या बाह्या हातांवर ओढून घेतल्या. "मी त्या फॉर्मवर लिहिलं होतं, माझा भाऊ अगदी ठणठणीत आहे, काही चिंता नाही. दर गुरुवारी त्याच्याकडे जेवायला जायची मी. त्याच्या मनात काय चाललंय, मला दिसलं नाही. तुला दिसलं. परक्या माणसाला दिसलं आणि सख्ख्या बहिणीला नाही. या उन्हाळ्यात त्यानं मला ते सगळं सांगितलं ना, तेव्हापासून रोज हेच डोक्यात येतं. म्हटलं, आपण आंधळे होतो हे त्याला कळण्यापेक्षा खोटं बोललेलं बरं."

आत घड्याळाचे ठोके पडले. क्लबात या वेळी पहिली फेरी सुरू झालेली असते.

"कशावरून ओळखलंस तू, मेरिल? मला तेवढं सांग. माझं काय चुकलं ते तरी मला कळेल."

उत्तर सोपे होते. डोळ्यांवरून, असे म्हणता आले असते. हात कापायचे, असे म्हणता आले असते, आणि तिने ते जन्मभर उराशी धरले असते. त्याच्या पदरात तर आतापर्यंत एका माणसाचा जीव वाचवल्याचे पुण्य आयते पडले होते. ते नुसते ठेवून घ्यायचे होते.

"मला काही दिसलं नव्हतं, लोरेटा," तो म्हणाला. "तू पाहत होतीस तेच मी पाहत होतो. ठणठणीत होता. त्या वर्षी तो मला हरवणार होता, म्हणून मी लिहिलं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. चेहरा हळूहळू रागाने दगडासारखा झाला. पण इतका वेळ ताठ धरलेले तिचे खांदे मात्र सैल पडले, आणि तिने एवढा लांब श्वास सोडला की तो मेरिललाही ऐकू आला.

"कुणालाच दिसलं नव्हतं तर," ती म्हणाली.

"कुणालाच नाही."

तिने विचारले, "मिळाला का मग?"

"काय?"

"कप."

"मिळाला."

आतून ऑल्टनची हाक आली, बारीक, कुणाचे नाव न घेता. लोरेटा गुडघ्यावर हात टेकून उठली आणि दार उघडून उंबऱ्यात थांबली.

"चल आत," ती म्हणाली. "कूस बदलायचीय त्याची, मला एकटीला उचलत नाही. तू पाय धर."