कालरेषेवरचा इंद्रजित

वरून आदेश आला की आमची शाळा कामाला लागते. या खेपेला प्रशिक्षणात सांगितलं, मुलांकडून डिजिटल कालरेषा करून घ्या. म्हणजे टीव्हीच्या पडद्यावर एक आडवी पट्टी, तिच्यावर वर्षं, आणि वर्षावर बोट ठेवलं की फोटो नि खाली दोन ओळी. नमुन्यात सगळे राजेमहाराजे होते. मला त्यांच्या सनावळ्यांचा मनापासून कंटाळा आहे. म्हणून चौथीच्या मुलांना म्हटलं, आपण आपल्या सास्तूरची करू. घरातलं कोण कधी जन्मलं ते विचारून या.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. निम्म्या आईबापांचा जन्म एक जूनचा निघाला. पूर्वी शाळेत नाव घालताना तारीख ठाऊक नसली की मास्तर एक जून ठोकून मोकळे व्हायचे. पडद्यावर एकाच तारखेवर इतकी माणसं चढली की मुलं पोट धरून हसली. मी म्हटलं, हे चालायचं नाही, घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून खरी तारीख आणा.

आरोहीचे वडील इंद्रजित टेम्पो चालवतात. मुलांपेक्षा जास्त हुरूप त्यांनाच आला. फाटकात भेटले तेव्हा म्हणाले, आजवर वाढदिवस असा कधी केलाच नाही, आता पोरीच्या निमित्ताने खरी तारीख कळेल. तिशी ओलांडलेला माणूस, पण हे सांगताना लाजला. मला ते फार आवडलं.

आरोहीने आजीला, द्वारकाबाईंना विचारलं, इंद्रजितचा जन्म कधीचा? त्यांनी एका दमात सांगितलं: भूकंपाच्या आधी तीन वर्षं, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, दिवस उगवताना. वर ट्रंकेतून फोटोही काढून दिला. तुळजापुरात जावळ काढल्यावर स्टुडिओत घेतलेला, आईच्या मांडीवर चकोट केलेलं गुटगुटीत बाळ. आरोहीने त्र्याण्णवच्या भूकंपातून तीन वर्षं वजा केली, मोबाइलवर तारीख शोधली आणि फोटोखाली लिहिलं, 'माझे बाबा'.

पालकांना, आजीआजोबांना बोलावून आम्ही कालरेषा दाखवली. पट्टी सरकत एकोणीसशे नव्वदवर आली, फोटो मोठा झाला, आरोहीने ऐटीत वाचून दाखवलं. टाळ्या झाल्या. इंद्रजित मात्र उभे राहिले.

"हा म्या न्हाय," ते म्हणाले.

वर्गातल्या मोठ्या माणसांना लगेच कळलं. मी बाहेरगावची, मला आणि मुलांना ते त्यांनीच समजावून सांगितलं. या गावात भूकंपानंतर जन्मलेल्या कितीतरी मुलांना गेलेल्यांची नावं ठेवली आहेत. गेलेलं माणूस परत आलं अशी घरच्यांची समजूत, आणि त्या दिवसांत जगायला तिचाच आधार होता. द्वारकाबाईंचा पहिला इंद्रजित भूकंपाच्या पहाटे आजोबांच्या कुशीत झोपला होता. दोघेही एका भिंतीखाली गेले. फोटो द्वारकाबाईंच्या माहेरी होता म्हणून वाचला. इंद्रजितना हे लहानपणापासून ठाऊक होतं, आरोहीला नव्हतं. ती एकदा फोटोकडे, एकदा बापाकडे बघत राहिली.

इंद्रजित आईजवळ जाऊन खाली बसले. रागावलेले नव्हते, हे मी पैजेवर सांगेन.

"त्याचं असू दे तिथंच," ते म्हणाले. "माझं सांग. म्या कवाचा?"

"तू शेडात झालास. भूकंपाच्या म्होरल्या साली."

घरं बांधून होईपर्यंत गाव पत्र्याच्या शेडांत राहत होतं, ते शेड.

"ते ठाव हाय मला. पर कवा? पाऊस हुता का? थंडी हुती? कंचा सण जवळ हुता?"

द्वारकाबाई आठवू लागल्या. खरंच आठवत होत्या, कपाळावर आठ्या घालून. मीसुद्धा मनातल्या मनात त्यांना पोळा, दसरा, संक्रांत असे सण पुरवत होते. काहीतरी आठवू दे या बाईला. शेजारच्या हरणाबाईंनी थंडीच असेल म्हणून सावरून घ्यायला पाहिलं. द्वारकाबाईंनी मान हलवली. खोटं सांगितलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं? पण त्यांना ते जमलं नाही.

"तुला मांडीवर दिलं, तवा तुझ्यात म्या त्याचंच तोंड हुडकत हुते," त्या म्हणाल्या. "दिस कंचा हुता, बघितलाच न्हाय रं लेकरा."

"मग घावलं का त्याचं तोंड?"

त्यांनी लेकाच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"न्हाय."

इंद्रजितनी त्यांच्या खांद्यावरून घसरलेला पदर सारखा केला. मग आरोहीकडे वळून म्हणाले, फोटोखालचं 'माझे बाबा' खोड, तिथं 'माझे काका' लिही. तिने लिहिलं. चूक एकही झाली नाही. मला रडू आवरत नव्हतं.

मग तिने नवा चौकोन उघडला, बाबांचं नाव घातलं आणि तारखेसाठी त्यांच्याकडे बघत थांबली. द्वारकाबाई तोंडाला पदर लावून रडत होत्या.

"माझं ऱ्हाऊ दे," इंद्रजित म्हणाले.